हृदयपरिवर्तनासाठी सढळ हाताने

३ जून

प्रिय पेंटरमामा,

फोन करू नकोस. तू फोनवरही शिडीवरून बोलल्यासारखा ओरडतोस, मग मीही ओरडते आणि तिसऱ्या वाक्याला मला धाप लागते. मग आई फोन हिसकावून घेते आणि मी खोलीत नसल्यासारखं तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलत बसता. त्यापेक्षा पत्र बरं. लिहिताना धाप लागत नाही आणि मध्येच कुणी तोंड घालत नाही.

खोली हॉस्पिटलसमोरच मिळाली. तळमजल्यावर, कारण जिने सध्या माझ्यासाठी रद्द झालेत. दोन पलंग, एक टेबल, एक खिडकी. खिडकीतून हॉस्पिटलचं मागचं दार दिसतं, तिथून दिवसभर चादरींच्या गाड्या आत-बाहेर करत असतात. आईने टेबलावर शिलाई मशीन मांडलंय आणि नर्सबाईंचे गणवेश आखूड-लांब करून द्यायला सुरुवातही केलीय. येऊन चार दिवस झाले, गिऱ्हाइकं अकरा. अजून महिनाभर राहिलो तर ती इथे निवडणुकीला उभी राहील.

आता कामाचं. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्या तापानंतर माझं हृदय जे सैल पडलंय ते औषधांनी फार तर हे वर्ष काढेल. दुसरं बसवावं लागेल. त्यासाठी आधी रक्कम भरायची, एका फॉर्मवर सही करायची, मग नाव प्रतीक्षायादीत जातं. रक्कम आईने तुला सांगितली आहेच. एवढी शून्यं पुन्हा लिहायची माझी तयारी नाही.

तू काही वेडेपणा करू नकोस. दुकान विकायचं नाही. घाईही करू नकोस, मी ठीक आहे. छापखान्याच्या मालकांनी निरोप पाठवलाय की माझी खुर्ची रिकामी ठेवलीय, आणि प्रुफं तपासायला मी नसल्यामुळे रोज नवनव्या चुका छापून येतायत. ऐकून बरं वाटलं.

मामीला सांग, तिने दिलेली उशी फार कामाची आहे.

तुझी,
भिंगरी
(नाव सध्या शोभत नाही, पण असू दे.)


११ जून

भिंगरीस,

हात रंगाने माखलेत, तेव्हा डागांकडे दुर्लक्ष कर.

तू म्हणालीस वेडेपणा करू नकोस, म्हणून मी शहाणपणा केला. समिती स्थापन केली. मी, आपले शेजारचे केशकर्तनवाले, समोरचे औषधवाले आणि तुझी मामी. मामी म्हणाली, "तुम्हा तिघांच्या हातात मी पैसा ठेवणार नाही," म्हणून खजिनदार ती. अध्यक्ष केशकर्तनवाले, कारण गावातलं प्रत्येक डोकं त्यांच्या हाताखालून जातं. औषधवाले उपाध्यक्ष, कारण अध्यक्ष केलं नाही म्हणून ते रुसले होते.

आणि मी बोर्ड केलाय. बारा फूट बाय चार! एवढा मोठा बोर्ड मी जन्मात कुणासाठी केला नाही. स्टँडसमोरच्या चौकात, वळण घेताना बस हमखास थांबते तिथे लावलाय. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, अक्षरांना काळी सावली. मजकूर असा:

आमच्या लाडक्या भाचीच्या
हृदयपरिवर्तनासाठी
सढळ हाताने मदत करा!

खाली आपल्या दुकानाची खूण, आणि ‘धीराचे दोन शब्द थेट भाचीला लिहा’ म्हणून तुझ्या खोलीचा पत्ता.

हृदय बदलण्याला भारदस्त शब्द कोणता, यावर समितीत अर्धा तास खल झाला. ताईने फोनवर एक डॉक्टरी शब्द सांगितला होता, पण शिडी चढेपर्यंत मी तो विसरलो. अध्यक्ष म्हणाले, बदलणं म्हणजे परिवर्तन, भाषणात सगळे हेच म्हणतात. मला पटलं. ओळीतही बरोबर मावला.

पूर्वी मी शिडीवर असायचो आणि तू खाली. दुसरीतली एवढीशी पोर, आणि भर रस्त्यात ओरडायचीस, "मामा, ‘दूध’मधला दू दीर्घ!" दूधवाला माझ्याकडे असा बघायचा की पैसे मागायची लाज वाटायची. या वेळी शिडीखाली कुणी नव्हतं. पण मी तीन-तीनदा वाचून घेतलंय. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक काढून दाखव.

रंगाचा पाच लिटरचा रिकामा डबा धुतला, झाकणाला चीर पाडली आणि दुकानात ठेवला. लोक बोर्डासमोर थांबतात, वाचतात, एकमेकांकडे बघतात. फार हळवे झालेले दिसतात.

तुझा,
मामा


१९ जून

मामा,

ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. शाबास.

आता खाली बस. शिडीवर असशील तर आधी उतर आणि मग बस.

एक हृदय काढून दुसरं बसवतात त्याला हृदयप्रत्यारोपण म्हणतात. हृदयपरिवर्तन म्हणजे दरोडेखोर शरण येतो ते. जन्माचा कंजूष एके दिवशी शाळेला जमीन देतो ते. तू बारा फूट बाय चारमध्ये अख्ख्या गावाला सांगितलंस की तुझी भाची हट्टाला पेटलीय आणि तिचं मन वळवायला पैसे कमी पडतायत!

कालपर्यंत तेवीस पत्रं आली. एक निवृत्त मुख्याध्यापक लिहितात, ‘मुली, आईच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघ. तो मुलगा आज गोड बोलतो, उद्या बोलेल का?’ कोणता मुलगा, मामा? मला तरी भेटवा. लाँड्रीवाले विचारतात की मुलगा काय करतो, आणि काही करत नसेल तर त्यांना इस्त्रीला माणूस हवाय. एका गृहस्थांची खात्री आहे की मी सगळं सोडून डोंगरावर ध्यानाला बसलेय. मी परत यावं असं त्यांना वाटतं, पण येण्यापूर्वी त्यांच्या पाठदुखीवर काहीतरी सुचवावं असंही वाटतं.

सगळ्यांत भारी पत्र एका बाईंचं. सहीच्या जागी फक्त ‘बसच्या तिकीट खिडकीवरची’. लिहिलंय, ‘पोरी, अजिबात परिवर्तन करून घेऊ नकोस. मी करून घेतलं होतं, अठ्ठावीस वर्षं पस्तावतेय. सोबत नोट ठेवलीय. पळून जा.’ आणि पाकिटात खरोखरच एक करकरीत मोठी नोट!

सलाईन घ्यायला मी दिवसाआड वॉर्डात जाते, तिथे हे वाचत होते. इतकी हसले की बोटाला लावलेलं यंत्र टी-टी ओरडायला लागलं आणि नर्सबाई धावत आल्या. त्यांना वाचून दाखवलं तर त्याही हसल्या, मग त्यांना मोठ्या नर्सबाई रागावल्या. म्हणजे तुझ्या बोर्डाने आता इथली शिस्तही बिघडवलीय.

शब्द बदल. आजच्या आज.

भिंगरी

ता. क. खरं सांगायचं तर ते लोक अगदीच चुकले असंही नाही. पण ते जाऊ दे. शब्द बदल.


२७ जून

भिंगरे,

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला, हातात ब्रश होता, कपाळ अजून लाल आहे. केशकर्तनवाल्यांना जाब विचारला. म्हणाले, "मला शंका आली होती हो, पण घरगुती प्रश्न, आपण कशाला नाक खुपसा?" हा माणूस तीस वर्षं गावाच्या घरगुती प्रश्नांवर जगतोय आणि नेमकी या वेळी त्याला सभ्यता सुचली! औषधवाले म्हणाले, बरोबर शब्द मला पाठ होता, पण उपाध्यक्षाला विचारतो कोण.

त्याच दिवशी शिडी लावली आणि शब्द दुरुस्त केला. आता पुढे काय झालं ते ऐक. बोर्ड चुकीचा होता तेव्हा दुकानात दिवसभर रीघ असायची. "काय हो, काय झालं पोरीचं? कोण आहे तो?" मामी त्यांना बसवायची, चहा द्यायची आणि सांगायची, तसलं काही नाही, पोरीचं हृदयच चालेनासं झालंय. मग त्या माणसाचा चेहरा पडायचा. भानगड ऐकायला आलेला माणूस लाजेपोटी दुप्पट टाकून जायचा. दहा दिवसांत डबा तीनदा भरला.

शब्द शुद्ध झाला आणि दुकानात दोन दिवस माशी फिरकली नाही. लोक बसमधूनच वाचतात, हळहळतात, तोवर बस वळते. दुःख सगळ्यांना कळतं गं, पण खाली उतरायला भानगड लागते. तिसऱ्या दिवशी मामीने स्वतः शिडी धरली आणि मी पुन्हा चुकीचा शब्द लिहिला. तुला न विचारता लिहिला, रागावू नकोस.

निम्म्याच्या पुढे गेलोय. औषधवाल्यांनी एका संस्थेला अर्ज केलाय, गावाने आपला वाटा जमवला तर उरलेलं ते घालणार आहेत. उपाध्यक्ष कामाचे निघाले, पण हे त्यांना कळू द्यायचं नाही.

एक गंभीर गोष्ट आहे. ताईने मामीला दोन ओळी पाठवल्यात, ‘पैशाचं होईल गं, पण फॉर्मवर सही होत नाही. तीन आठवडे उशीखाली पडलाय.’ कोण हे डॉक्टर, सही करायला एवढे आढेवेढे घेणारे? मला कळव, मी येतो. त्यांच्या दारावरची पाटी फुकट रंगवून देतो. तरीही सही केली नाही तर पाटीवरच्या नावात चूक करून येतो.

तुझा,
मामा


१४ जुलै

मामा,

उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

डॉक्टरांच्या पाटीला हात लावू नकोस. त्यांनी केव्हाच सही केलीय. राहिलीय ती माझी. मी तेवीस वर्षांची आहे, माझ्या जागी दुसरं कुणी सही करू शकत नाही, आईसुद्धा नाही.

वॉर्डात चार नंबरच्या पलंगावर गॅरेजवाले काका होते. मागच्या महिन्यात त्यांना हृदय मिळालं. सगळा वॉर्ड हसत होता, मीही टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी खाली बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. मांडीवर पारदर्शक पिशवी, पिशवीत पुरुषाचे बूट. नवे होते, लेस बांधलेल्या. त्या बाईंचा काकांशी काही संबंध नसेलही. मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मला सही करता येत नाही. यादीत नाव घालायचं म्हणजे काय रे? रोज सकाळी उठून वाट बघायची. कशाची? कुणाच्या तरी बुटांच्या पिशवीची. मला जगायचंय, मामा, खूप जगायचंय, पण ते असं मागायची मला भीती वाटते. आणि लाज वाटते.

तेव्हा तुझा शब्द बरोबरच होता. मला हृदयपरिवर्तनच हवंय आणि ते काही होत नाही. डॉक्टर म्हणतात, या महिनाअखेरीपर्यंत सही झाली नाही तर पुढे माझ्या शरीराला ऑपरेशन झेपणार नाही. आईला वाटतं मी नुसती घाबरलेय. नाही म्हणायचं ठरवलंय हे तिला सांगितलेलं नाही.

पैसे जमवणं थांबव. जमलेत ते ज्याचे त्याला परत कर. अक्षर वाकडं आलंय, कारण आता लिहितानाही धाप लागते.

भिंगरी


१८ जुलै

भिंगरी,

मी चिडलोय. ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. पत्र दुकानात वाचलं आणि ब्रश टर्पेंटाइनऐवजी चहात बुडवला. मग मामीला वाचून दाखवलं. ती आत गेली आणि कितीतरी वेळ नळ सोडून उभी राहिली.

आता ऐक. शुद्धलेखन मला तू शिकवलंस. तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे एकच आहे, ते म्हणजे पत्रा.

बोर्डासाठी मी नवा पत्रा कधी घेत नाही, तुला माहीत आहे. एखादं दुकान बंद होतं, बोर्ड उतरवायला मला बोलावतात, तो पत्रा मी घरी आणतो, घासतो आणि त्यावर नवं नाव लिहितो. तीस वर्षं हेच करतोय. एवढ्या वर्षांत, हे दुकान कधी बंद पडतंय म्हणून मी एकदाही कुणाच्या दारात उभा राहिलो नाही. उलट ती दुकानं चालावीत म्हणून त्यांची अक्षरं जीव ओतून काढली. तरी काही बंद होतातच. मी वाट बघितली म्हणून होत नाहीत आणि नाही बघितली म्हणून थांबतही नाहीत. मग पत्रा भंगारात जाणार की कुणाच्या कामी येणार, एवढंच माणसाच्या हातात उरतं.

तुझा बोर्ड ज्या पत्र्यावर आहे तो छत्रीवाल्यांचा. आठवतात ना? तुझी शाळेची छत्री दर वर्षी उलटी व्हायची आणि ते फुकट सरळ करून द्यायचे. मागच्या वर्षी ते गेले, दुकान बंद झालं. त्यांची अक्षरं घासायला माझा हात होईना, म्हणून तुझा मजकूर उलट्या बाजूला लिहिला. मागे अजून दिसतं, ‘छत्र्या दुरुस्त करून मिळतील.’

परवा त्यांच्या बाई आल्या. थेट बोर्डाच्या मागे गेल्या आणि अक्षरांवरून हात फिरवत राहिल्या. मी म्हटलं, "माफ करा, तुम्हाला विचारायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "कामी आला ना? बास झालं. घरात ठेवून काय केलं असतं, रोज बघून रडले असते." मग पुढे आल्या, तो शब्द वाचला आणि म्हणाल्या, "ह्यांनी ही चूक लगेच पकडली असती." आणि हसल्या. भिंगरे, त्या खरंच हसल्या गं.

त्या बूटवाल्या बाईंच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, तुलाही नाही. पण त्यांनी जर हो म्हटलं असेल, तर त्यांच्या वतीने नाही म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला?

राहता राहिले पैसे. मामीने वहीत देणाऱ्यांची नावं लिहून ठेवलीत, चारशे बारा. ती म्हणते, परत करायचे तर खुशाल करा, पण असा पैसा टपालाने परत करणं शोभत नाही. प्रत्येकाच्या दारात जाऊन, पायी, भिंगरीने स्वतःच्या हाताने द्यायचा. चारशे बारा दारं, त्यातली निम्मी चढावर. म्हणजे तेवढं चालू शकणारं हृदय आधी लागणार. खजिनदाराचा निर्णय अंतिम आहे.

मला तू हवी आहेस गं. वरचं बाकी सगळं नुसतं लांबण आहे.

मामा


२४ जुलै

मामा,

सही केली. काल सकाळी. माझं पेन ऐन वेळी चालेना, आईने कापडावर खुणा करायचा खडू पुढे केला, शेवटी नर्सबाईंनी स्वतःचं पेन दिलं. आईने सही दोनदा बघितली, मशीनवर बसली आणि एक अख्खा गणवेश उलटा शिवला. आता उसवतेय आणि गुणगुणतेय.

भीती अजून आहे. पण ती घेऊनही सही करता येते हे मला माहीत नव्हतं. तुझं पत्र फॉर्मच्याच पाकिटात ठेवलंय. मामीला सांग, असला हिशेब कुठल्याही बँकेत शिकवत नाहीत.

एक काम कर. शिडी लाव. बोर्डावर जे मागितलं होतंस ते मिळालं, परिवर्तन झालं. आता तो शब्द पुसून बरोबरचा लिही. डबा रिकामा राहिला तरी चालेल. मागची बाजू मात्र तशीच ठेव.

भिंगरी


२ ऑगस्ट

भिंगरे,

शब्द बदलला. या वेळी शिडी अध्यक्षांनी धरली आणि स्पेलिंग उपाध्यक्षांनी मोठ्याने सांगितलं, सगळा चौक ऐकत होता.

आणि लोक पुन्हा बसमधून उतरले! "शब्द बदलला? म्हणजे पोरगी ऐकली?" मामी प्रत्येकाला सांगते, "ऐकली." मग पुन्हा चहा, पुन्हा डबा. केशकर्तनवाल्यांनी तर एक दिवस दुकानात पाटी लावली, ‘आज कटिंगचे पैसे डब्यात.’ काल गावाचा वाटा पूर्ण झाला. संस्थेचाही होकार आला. सोमवारी औषधवाले रक्कम घेऊन तुमच्याकडे निघतायत. ते भाषण करतील, करू दे.

मामा


१७ सप्टेंबर

पेंटरा,

आत नेलंय. सकाळी अकराला. तुला फोन नर्सबाई करतीलच, पण मला हातांनी काहीतरी करायचं होतं आणि मशीन खोलीत राहिलंय, म्हणून हे कार्ड. जाताना म्हणाली, "मामाला सांग, मी येईपर्यंत मोठे शब्द लिहू नकोस."

ताई


२० जानेवारी

मामा,

हे पत्र मी हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर बसून लिहितेय. जिन्याने आले. मध्ये दोनदा थांबले, पण ते नर्सबाईंशी गप्पा मारायला.

हृदय कुणाचं होतं ते सांगत नाहीत. नियम आहे. म्हणजे माझ्या पत्र्याची मागची बाजू मला कधीच वाचता येणार नाही. मग मी रोज सकाळी छातीवर हात ठेवते आणि म्हणते, कामी आलं हो. कुणाला म्हणते ते माहीत नाही. पहिल्या दिवशी म्हणताना फार रडले. आता रडत नाही, पण म्हणते.

आम्ही शनिवारी येतोय. मामीची वही काढून ठेव. चारशे बारा दारं आणि नंतर वाढलेली, रोज पाच. मास्क लावून दारातच उभी राहीन, आत येणार नाही, चहाही घेणार नाही. पैसे परत मिळायचे नाहीत, ते संपले. पण ज्यांनी दिले त्यांना निदान दाखवायला हवं कशात संपले ते. मुख्याध्यापकांना सांग, मी आईचं ऐकलं. लाँड्रीवाल्यांना सांग, मुलगा अजून सापडला नाही, सापडला तर आधी इस्त्री शिकवून घेईन.

तिकीट खिडकीवरच्या बाईंकडे मात्र सगळ्यांत शेवटी जाणार आहे. डॉक्टर म्हणतात, चालायला हरकत नाही, पण पळायचं आणखी सहा महिन्यांनी. तेव्हा तोवर त्यांना एवढाच निरोप दे, की नोट मी अजून मोडलेली नाही.

तुझी,
भिंगरी